फूटभर सैनिकांचा शिंपी

दातवाल्या काकांना आमच्या गल्लीत सगळे देवमाणूस म्हणतात. मी म्हणत नाही. माझ्यासमोर कुणी म्हटलंच तर मी उठून जाते, कारण बसून राहिले तर तोंडातून काय बाहेर पडेल याचा मला भरवसा नाही. बाबा म्हणतात, माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. असतो. तो कुणाकडून आला हे त्यांनी आरशात बघून ठरवावं.

बाबा गाड्यांच्या सीटा शिवतात. शिवायचे, असं लिहायला हवं, पण हात वळत नाही. दुकान घराखालीच आहे. दोन मशिनी, फोमचे ढीग, रेक्झिनचे गुंडाळे आणि दारात कायम एखादी उघडी सीट, स्प्रिंगा बाहेर काढून बसलेली. आई गेल्यावर मी नोकरी सोडून दुकानात आले. फोम कापणं, खिळे ठोकणं आणि गिऱ्हाइकांशी भांडणं ही माझी कामं. शिलाई बाबांची. कुठलीही सीट हातात आली की आधी ते जुन्या शिलाईला शिव्या घालत. "ही कुणी शिवली? पायानं शिवली काय?" त्या कारागिराच्या सात पिढ्यांचा उद्धार झाल्याशिवाय कामाला सुरुवात नाही. त्यानं कधीकाळी मशिनीवर, दोऱ्यावर, नाहीतर गिऱ्हाइकावर खापर फोडलेलं असणारच, असं धरून बाबा शेवटी म्हणायचे, "नाचता येईना, अंगण वाकडं!" ही त्यांची लाडकी म्हण होती.

असल्या माणसाला सैनिकांचा नाद लागला. बाहुल्या म्हटलं की ते खवळतात; सैनिकच म्हणायचं. फूटभर उंच, खऱ्या माणसाच्या सहाव्या हिश्शाचे. कोपर, गुडघे, मनगटं, सगळे सांधे वळतात. अंगात खऱ्या कापडाचा गणवेश, पायांत लेस बांधलेले बूट, पट्ट्याला पाण्याची बाटली आणि तिचं झाकणसुद्धा फिरवता येतं. हौशी माणसं ते जमवतात, एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर बसवतात, कपाटात ओळीनं उभे करतात आणि घरच्यांची बोलणी खातात.

हा नाद काकांनी आणला. काका दातांच्या कवळ्या बनवतात. मी शाळेत होते तेव्हा एकदा ते स्कूटरची सीट शिवायला घेऊन आले. बाबांनी सीट उचलली, तर खाली डिकीत एक नागडा माणूस झोपलेला.

"हे काय?" बाबा ओरडले.

"सैनिक आहे. नुसतं धड स्वस्तात मिळालं. कपडे नाहीत त्याला."

"आणि याला असाच गावभर फिरवताय? लाज नाही वाटत?"

त्या दिवशी स्कूटरची सीट तशीच राहिली. बाबांनी एका जुन्या कोटाच्या अस्तरातून त्या सैनिकाची पँट शिवली, खिशांसकट. संध्याकाळी काका ती पँट हातात धरून बराच वेळ नुसते बघत होते. तेव्हापासून दोघांची जोडी जमली. काका डोकी घडवायचे, चेहरे रंगवायचे. त्यांच्या सैनिकांचे ओठ पहिल्यांदा अगदी हिरड्यांसारखे गुलाबी व्हायचे, त्यावरून बाबा त्यांना वर्षभर चिडवत होते. कपडे मात्र बाबांचे.

या मापाच्या कपड्याला नवं कापड चालत नाही. नवं कापड त्या एवढ्याशा अंगावर पत्र्यासारखं उभं राहतं, त्याला चुणी पडत नाही. धुऊन धुऊन विरलेलं हवं. त्यामुळे बाबा माणसांचे चेहरे बघायचे सोडून कपडे बघायला लागले. पाहुणे आले की विचारायचे, "हा शर्ट कधी टाकणार?" माझ्या मावशीची ओढणी त्यांनी अशी नजरेत भरून ठेवली होती की ती बिचारी आमच्याकडे यायची बंद झाली. छत्रीचं कापड, रुमाल, पायजम्याचे खिसे, सगळ्याचे गणवेश झाले. मशिनीच्या दाताखाली एवढं कापड सापडत नाही, म्हणून सगळं हातानं. टाका इतका बारीक की तो दिसायला नको, नुसती रेघ दिसायला हवी. आणि गाठ मारायची नाही. शेवटचे टाके उलटे घ्यायचे आणि दोरा कापायचा. "गाठ मारली की पट्ट्याखाली फुगवटा येतो," बाबा सांगायचे. "गाठ मारतो तो शिंपीच नव्हे."

शिवून झालेले कपडे काकांकडे जायचे. काका ते सैनिकाच्या अंगावर चढवायचे आणि त्याला त्यांच्या दिवाणखान्यातल्या भिंतभर काचेच्या कपाटात उभं करायचे. "माझी भांडी माळ्यावर आणि ह्यांची पलटण हॉलमध्ये," असं काकू येईल त्याला ऐकवायच्या. एकदा चढवलेले कपडे पुन्हा काढायचे नाहीत, हा दोघांचा नियम होता. बोटं बाहीत अडकतात, शिवण ताणली जाते. म्हणून बाबांनाही आपलं काम पुढे दिसायचं ते काचेपलीकडूनच.

गेल्या दोनएक वर्षांत बाबांची चिडचिड वाढली. आधी कमी होती असं नाही. पण आता ते साऱ्या जगावरच उखडायला लागले. समोरच्या घराची नवी खिडकी बसवली, तर म्हणे चौकट वाकडी बसवली. रस्त्यावरचा दिव्याचा खांब बघून म्हणाले, "गाडी धडकलेली दिसते, मधे वाकलाय." वर्तमानपत्राच्या ओळी लाटांसारख्या छापतात म्हणून त्यांनी पेपरवाल्याला झापलं. खांब सरळ होता. खिडकीही सरळच होती. मी सुतारकाम शिकलेले नाही, पण मला सरळ काय ते कळतं.

सुया मी रोज सकाळी ओवून द्यायचे. फोमच्या तुकड्यात टोचून ठेवायच्या, म्हणजे दिवसभर पुरायच्या. ते ठीकच होतं, वयाप्रमाणे. पण ते कपडे नाकाला लावून शिवायला लागले, तेव्हा मी म्हटलं, "बाबा, डोळे दाखवून येऊ."

"डोळ्यांना काय धाड भरलीय?"

"सगळं वाकडं दिसतंय तुम्हाला."

"वाकडं आहे म्हणून वाकडं दिसतंय! माझे डोळे गेले असते तर शिलाई गेली नसती का? जा, बघून ये काकाच्या कपाटात. एक टाका वाकडा दाखव, मी मुकाट्यानं तुझ्या डॉक्टरकडे येतो."

सीटच्या शिलाईवरून काही कळायला मार्ग नव्हता. मशिनीला लोखंडी काठ असतो, त्याला रेक्झिन लावून चालवलं की आंधळ्याचीही टीप सरळ जाते. म्हणून मी खरंच काकांकडे गेले. काकांनी कपाट उघडलं. मी नवे सैनिक एकेक करून पाहिले, खांदे, बाह्या, खिसे. नीट दिसेना, तर काकांनी मला आतून भिंग आणून दिलं. भिंगातूनही शिलाई रेघ मारल्यासारखी सरळ होती. मी घरी आले आणि म्हटलं, "बरोबर आहे तुमचं." बाबांनी विजयी मुद्रेनं चहा मागितला. डॉक्टरचा विषय तिथंच मिटला.

यंदाचं प्रदर्शन एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. दरवर्षी असतं. गावोगावचे हौशी येतात, टेबलं मांडतात, एकमेकांच्या सैनिकांत खुसपटं काढतात आणि संध्याकाळी गळ्यात गळे घालून जातात. आमच्या टेबलावर मधोमध नवा छत्रीधारी सैनिक होता, विमानातून उडी घेणारा, अंगभर पट्टे असलेला. एक बाई बराच वेळ त्याच्यासमोर वाकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "खांद्यावरची शिलाई बघा हो! किती सरळ!"

बाबा असे फुलले की विचारू नका. बाईंना जवळून दाखवावं म्हणून त्यांनी सैनिक उचलला, स्वतःच्या डोळ्यांशी नेला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ही वाकडी आहे," ते म्हणाले.

बाई हसल्या. त्यांना वाटलं, कारागिराचा विनय.

"हसता काय? नागमोडी गेलीय! ही माझी शिलाई नाही." त्यांनी तिथल्या तिथे सैनिकाचा पट्टा सोडला, कोट उतरवला, उलटा केला आणि आतून अंगठा फिरवायला लागले. अंगठा एका जागी थांबला. मग त्यांनी दुसरा सैनिक उचलला. मग तिसरा.

"गाठ आहे," बाबा म्हणाले. "प्रत्येकात गाठ आहे. हे कुणी केलं?"

मी काकांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"अरे, ऐक," काका म्हणाले. "तुझा टाका जरा… सरकायला लागला होता. मी उसवून पुन्हा घालायचो. थोडंच. तुला वाईट वाटू नये म्हणून बोललो नाही."

"सरकायला लागला होता? माझा?" बाबांनी कोट त्यांच्या नाकासमोर नाचवला. "तू हे वाकडं करून ठेवलंस आणि वर माझा टाका सरकला म्हणतोस? चोराच्या उलट्या बोंबा! अगं, तू बघ. तूच सांग, हे वाकडं आहे की नाही?"

मी कोट हातात घेतला. खांद्याची शिवण सरळ होती. बाबांचं बोट तिच्यावर ठेवलेलं होतं, नेमकं जिथे ती वळते असं त्यांना वाटत होतं तिथे, आणि तिथे काहीही नव्हतं. खिडकी, खांब, वर्तमानपत्र, सगळं एकदम डोळ्यांपुढे उभं राहिलं.

"काका," मी म्हटलं, "किती दिवस उसवताय?"

"दोन वर्षं होत आली."

"म्हणजे मी बघायला आले होते तेव्हा?"

काका टेबलावरचा पट्टा उचलून गुंडाळायला लागले.

"तुम्ही मला भिंग आणून दिलंत! मी कशाला आले होते ते तुम्हाला माहीत होतं. मी दारातच सांगितलं होतं, बाबांचे डोळे तपासायचेत म्हणून. आणि तुम्ही स्वतःची शिलाई माझ्या डोळ्यांपुढे धरलीत!"

"मला वाटलं, त्याला कळलं तर तो सुई खाली ठेवेल. सुई गेली तर तो जगायचा नाही, बाळ."

"बाळ म्हणू नका मला."

तोवर बाबांनी सैनिकांचे कपडे उतरवायला सुरुवात केली होती. बोटं अडकत होती, शिवणी टरटर उसवत होत्या, कुणाचा पंजा निखळून टेबलाखाली गेला. सगळे गणवेश त्यांनी आमच्या डब्याच्या पिशवीत कोंबले. आम्ही निघालो तेव्हा ती अख्खी पलटण टेबलावर नागडी उभी होती, डोक्यावर शिरस्त्राणं, हातात बंदुका, आणि पुढ्यात पाटी: कृपया स्पर्श करू नये. एरवी मी पोट धरून हसले असते.

डॉक्टरांकडे बाबा दुसऱ्याच दिवशी मुकाट्यानं आले. डॉक्टरांनी चौकटी आखलेला एक कागद समोर धरला आणि मधल्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं. "रेघा कशा दिसतात?"

"छापणाऱ्यानं वाकड्या छापल्यात," बाबा म्हणाले.

डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, अगदी मधल्या जागेचा आजार निघाला. त्यात सरळ रेघ वाकडी दिसते. बाबा तीच वाकडी रेघ सरळ करायला जायचे, म्हणून टाका वाकडा पडायचा. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनं देऊन आहे तेवढं टिकवायचा प्रयत्न करू. गेलेलं येणार नाही.

"दोन वर्षांपूर्वी आलो असतो तर?" मी विचारलं.

डॉक्टरांनी तो कागद मिटला. "बरंच वाचलं असतं," म्हणाले.

जिना उतरताना बाबा कठड्याला धरून हळूच पुटपुटले, "नाचता येईना, अंगण वाकडं." ती म्हण त्यांनी स्वतःसाठी वापरलेली मी पहिल्यांदाच ऐकली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती विझवायला त्या जिन्यात कुणी सापडलं नाही.

काका रोज येऊन दुकानासमोरच्या फुटपाथवर उभे राहायचे. मी त्यांच्याकडे पाठ करून खिळे ठोकायचे, जरा जास्तच जोरात. शेवटी काकू आल्या. "दुपारचं जेवण बाजूला सारून उसवत बसायचे गं," त्या म्हणाल्या. "बोटांची चाळण झाली. शिवणकाम कधी येत होतं ह्यांना? नुसतं मित्राचं मन राखायला शिकले. माणूस वाईट नाही."

"काकू, मन राखलं आणि डोळे घालवले," मी म्हटलं. "त्यापेक्षा चारचौघांत अपमान केला असता तर मी त्यांच्या पाया पडले असते."

काकू रडल्या. मला त्यांची दया आली, पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही. आजही वाटत नाही. कुणी तोंडावर वाईट बोललं तर आपण भांडतो, चिडतो, घरी येऊन खरं काय ते तपासतो. गोड माणसाचं आपण तपासत नाही. म्हणून मला गोड माणसांची भीती वाटते.

बाबा मात्र बोलत नव्हते. ज्या माणसाच्या ओरडण्यानं मी सकाळी उठत आले, तो दिवसभर सीटच्या ढिगावर बसून हातात फोमचा तुकडा चुरत राहायचा. सुया मी तरीही ओवून ठेवत होते. संध्याकाळी त्या तशाच काढून घ्यायचे.

एक दिवस ते अचानक म्हणाले, "प्रदर्शनाच्या आधी मी काकाला त्या बर्फातल्या सैनिकाचा पांढरा कोट दिला होता. तो अजून अंगावर चढवला नव्हता. कोटाला अजून हात लावला नसेल, तर घेऊन ये म्हणावं काकाला."

फुटपाथवर जाऊन मी तो निरोप दिला. काका धावतच घरी गेले. आले तेव्हा तो कोट त्यांनी रुमालात गुंडाळून आणला होता. बाबा मशिनीपाशी बसले. काका उभेच राहिले. बस म्हणायचं काम माझं होतं. मी ते केलं नाही.

"उसवलास?" बाबांनी विचारलं.

"नाही. तू दिलास तसाच आहे."

बाबांनी कोट डोळ्यांजवळ धरला, लांब केला, पुन्हा जवळ आणला. उजेडाकडे वळले. मीही बघत होते. बाही खांद्यावरून पुढे सरकली होती. खिसा तिरका बसला होता, आणि टाके कुठे दाट, कुठे विरळ, चिखलातून कोंबडी चालत गेल्यासारखे. माझ्या बाबांच्या हातचं असं काम मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"कसं आहे?" बाबा म्हणाले. "आणि या वेळी माझं मन राखलंस तर ही कात्री फेकून मारीन."

काका कोटावर वाकले. "वाकडं आहे."

"कुठे?"

"सगळंच. बाही पुढे गेलीय. खिसा तिरका आहे. पाठीची शिवण कमरेपाशी डावीकडे वळलीय. एखाद्या शिकाऊ पोरानं आणलं असतं तर तू त्याच्या तोंडावर फेकलं असतंस." काका थांबले नाहीत. कॉलर राहिली होती, तीही सांगितली.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग पाठीच्या शिवणीवर बोट ठेवून ते हळूहळू वरून खाली नेलं.

"मला तर सरळ दिसतंय," ते म्हणाले.

बाहेर गिऱ्हाईक हॉर्न वाजवत होतं, ते वाजवत राहिलं.

"म्हणजे वाकडंच असणार," बाबा म्हणाले आणि कोट त्यांनी काकांच्या अंगावर टाकला. "उसव. इथं, माझ्यासमोर. आणि गाठ मारलीस तर याद राख."

काका खाली फोमवरच बसले. बाबांनी त्यांच्याकडे ब्लेडचा तुकडा सरकवला. पहिला टाका तुटला तसे बाबा खेकसले, "अरे, कापड फाडशील! पायानं उसवतोस काय?" किती दिवसांनी तो आवाज दुकानात आला.

मी आत जाऊन दोन कप चहा आणला, बाबांना आणि मला. मग काकांनी मान वर न करता सुईसाठी माझ्यापुढे हात केला. ओवलेल्या सुया माझ्यासमोरच टोचलेल्या होत्या. मी एकही दिली नाही. ज्याला दोन वर्षं चोरून शिवता आलं, त्याला सुईही ओवता येते.